मिश्र सुटे भाग म्हणजे बदललेले भागच, असे नव्हे

म्हापशाच्या बंधूंनी अमेरिकेतील आपल्या मामांच्या संग्रहातील एम-१ कार्बाइनची (दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी लष्कराच्या हलक्या रायफलीची) छायाचित्रे दाखवली आहेत. तिच्या रिसीव्हरवर (नळी आणि चाप यांना जोडणाऱ्या मुख्य धातूच्या भागावर) नॅशनल पोस्टल मीटर या उत्पादक कंपनीचे नाव आणि नळीवर अंडरवुड या दुसऱ्या कंपनीचे, म्हणून नळी नंतर बसवली असावी, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला आहे. मला तो घाईचा वाटतो. १९४२ ते १९४५ या काळात दहा मुख्य उत्पादकांनी साठ लाखांहून अधिक कार्बाइन बनवल्या, आणि ते एकमेकांना सुटे भाग पुरवीत असत. अंडरवुडच्या नळ्या इतरांच्या बंदुकांवर मुळातच बसत.

माझ्या मते खरी खूण मागच्या दृष्टियंत्रापाशी (नेम धरण्याच्या साधनापाशी) आहे. सुरुवातीला तिथे दुमडणारे, इंग्रजी एल आकाराचे साधे दृष्टियंत्र असे आणि ते ठोकून पक्के केले जाई. नंतर कमी-जास्त सरकवता येणारे आले. छायाचित्रात दृष्टियंत्र बसते त्या खाचेच्या कडेला दोन जुने ठोके दिसतात, आणि नव्या दृष्टियंत्राच्या पायाखाली उत्पादकाचे नाव अर्धे झाकले आहे. आपल्याकडच्या शिसवी खुर्चीचा बदललेला पाय जसा जुन्या खुंटीच्या भोकावरून ओळखू येतो, तसेच हे. संगिनीची खुंटी असलेला पुढचा पट्टा आणि फिरवायचा सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणूनचा खटका) हेही उशिराचे. आधीचा दाबायचा सेफ्टी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) सोडवण्याच्या कळीशी गल्लत होई म्हणून बदलला गेला. हे तिन्ही एकत्र असतील, तर युद्धोत्तर लष्करी दुरुस्तीचीच शक्यता अधिक. लाकडी दस्त्यावर शस्त्रागाराचा शिक्का आहे का, ते मामांना जरूर विचारावे.