दुसऱ्या मुलीचं मधलं नाव: तुमच्याकडे कसं ठरलं?

मोठी रेवा २०२१ ची. दाखल्यावर तिचं नाव, मग बाबाचं, मग आडनाव, आपल्या सगळ्यांचं असतं तसंच. धाकटी ईरा सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाचा निर्णय झाला होता की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडलांचं आणि शेवटी आडनाव, त्यामुळे ती झाली ईरा मानसी निखिल. मला खरंच खूप आनंद झाला, पहिल्या वेळी माझं नाव कुठेच नाही हे मला खुपलं होतं पण तेव्हा बोलले नव्हते. रेवाशी जुळणारं नाव शोधायला आम्ही चार महिने घालवले, दोन अक्षरी हवं, शेवटी आ हवा, हाक मारताना दोन्ही एका दमात यायला हवीत, आणि मधल्या नावाचा विचार कोणी केलाच नाही, ते तर ठरलेलंच असतं ना. आता रेवा मोठ्या शिशुत आहे, अक्षरं लावून वाचते. परवा धाकटीच्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, आई इथे तू आहेस, माझ्यात का नाहीस? मला उत्तर देता आलं नाही, अजून देता आलेलं नाही. तुमच्याकडे दोघी बहिणींची नावं कशी जुळवली, मधलं नाव काय ठेवलं, जमेल तेवढं सविस्तर लिहा.

*

आम्ही कराडचे. पहिलीचं नाव कृष्णा ठेवलं तेव्हाच नवरा म्हणाला, दुसरी मुलगी झाली तर कोयना, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर लहानाचा मोठा झालेला माणूस दुसरं काय म्हणणार. पण सासूबाईंना कोयना म्हटलं की १९६७ चा भूकंप आठवतो, त्यांच्या माहेरचं घर पडलं होतं त्यात, त्यामुळे ते नाव पोरीला नको म्हणून अडून बसल्या आणि मला त्यांचं पटलं. मग महाबळेश्वरच्या ज्या देवळातून ह्या दोन्ही नद्या निघतात, तिथल्याच बाकीच्या नद्या बघितल्या, वेण्णा, सावित्री, गायत्री. सावित्री ठेवलं. मधलं नाव दोघींना बाबाचंच, दोघी २०२४ च्या आधीच्या. एक सांगते, नाव कागदावर लिहून ठरवू नका, गच्चीत उभं राहून पूर्ण नाव मोठ्याने हाक मारून बघा. आमच्या ह्यांचं नाव पाच अक्षरी आहे, त्यामुळे चार अक्षरी नाव लावलं की श्वासच पुरत नाही, आम्ही दोन सुंदर नावं ह्याच कारणाने सोडली.

*

न्यू जर्सी. इथे हॉस्पिटलमध्येच फॉर्म देतात, बाळ दोन दिवसाचं असतं आणि तुम्हाला फर्स्ट, मिडल, लास्ट तिन्ही रकाने भरायचे असतात, बारशापर्यंत थांबायला वेळच नसतो. मोठीला मिडल नेम बाबाचं दिलं. तिच्या वर्गात मुलींची मिडल नेम्स मुलींचीच, एक दिवस ती घरी येऊन रडली की माझ्या नावात मुलाचं नाव का आहे. तेव्हा मी सात महिन्यांची गरोदर. धाकटीला माझ्या आईचं नाव द्यायचं जवळजवळ ठरलं होतं, सुमन, मोठीच्या नावाशीही छान गेलं असतं. पण रात्री मोठीला जवळ घेऊन सांगितलं की आपल्याकडे मधलं नाव म्हणजे आपण कोणाचे ते सांगणारं नाव, आणि ती म्हणाली मग बाळाला पण तेच द्या, नाहीतर ती कोणाची? दिलं तेच. आईला वाईट वाटलं असणार, ती बोलली नाही. सुमन आम्ही पाळण्यातलं नाव म्हणून ठेवलं, घरी सुमीच म्हणतो.

*

मी शाळेत आहे, जनरल रजिस्टर माझ्याकडे असतं, म्हणून फक्त कामाचं लिहितो. सख्ख्या बहिणी, एकीच्या दाखल्यावर वडलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग डबल ई ने आणि दुसरीच्या आय ने, असं मी दर वर्षी बघतो. पुढे पासपोर्टला आणि स्कॉलरशिपला फार पळापळ होते. दुसरीच्या वेळी पहिलीचा दाखला समोर ठेवूनच फॉर्म भरा. आणि नावावर एकमत होत नसेल तर घाई करू नका, जन्माची नोंद वेळेत करा आणि नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. नंतरही १५ वर्षांपर्यंत घालता येतं पण विलंब शुल्क लागतं.

*

माझ्या दोन्ही मुली दत्तक, मी एकटीच आहे. मोठी तीन वर्षांची असताना आली, संस्थेत तिला तारा म्हणायचे. सगळे म्हणाले नवीन नाव ठेव, पण तिच्याकडे स्वतःचं असं तेवढं एकच होतं, ते कसं काढून घेणार. धाकटी आली तेव्हा ताराने नाव निवडलं, वीणा, तिला म्हणायला सोपं म्हणून. मधलं नाव दोघींचं माझंच. बारशाला आत्या नव्हती तर ताराने पाळण्यात वाकून कानात कुर्र केलं, आणि नाव इतक्या मोठ्याने सांगितलं की बाळ दचकून रडायला लागलं.

*

मूळ पोस्ट लिहिणाऱ्या ताईंसाठी. मी स्वतः धाकटी बहीण, आता तिशीत आहे. आम्ही दोघींनी नोकरी लागल्यावर राजपत्रात अर्ज करून आईचं नाव मध्ये घेतलं, आधी आईचं मग बाबांचं. दोघींनी एकत्रच केलं, म्हणजे नावं परत सारखी राहिली. नंतर आधार, पॅन, बँक सगळीकडे बदलत बसावं लागलं, वर्ष गेलं त्यात, पण केलं. बाबांना आधी सांगितलं होतं, ते म्हणाले माझं काढत नाही ना, मग काय. आईने राजपत्राचं ते पान लॅमिनेट करून आणलं, तिच्या लग्नाच्या दाखल्याच्या फाईलमध्ये ठेवलंय. रेवा मोठी झाली की तिला विचारा, आत्ता फक्त एवढं सांगा की तुझ्याही नावात आई येऊ शकते.