तेहिलीम 121 साठी नवी चाल बांधायची आहे, सल्ला हवा

रेवदंडेकर: शब्बाथच्या, म्हणजे आम्हा ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतिदिवसाच्या, प्रार्थनेत तेहिलीम 121 हे बायबलमधले आठ ओळींचे हिब्रू स्तोत्र नव्या चालीत म्हणावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. म्हणणारे पंचवीसेक जण असून बहुतेक वयस्कर आहेत, आणि शब्बाथ असल्याने वाद्य वाजणार नाही. खर्च पाच हजारांपर्यंतच झेपेल. चाल बांधताना काय सांभाळावे?

जुनी_पेटी: वीस-पंचवीस हजारांची चांगली पेटी घ्या. आम्ही घेतल्यापासून तरुण मंडळी सरावाला येऊ लागली.

नवगाव: शब्बाथला वाद्य नाही, हे वर स्पष्ट लिहिले आहे. मुळात नवी चालच नको. आमच्याकडे एका सणाला ती बसवली, तेव्हा ज्यांना प्रार्थना तोंडपाठ होती तेच गप्प उभे राहिले. माझी आजी त्यांत होती.

स्वरवेल: इटलीतले ज्यू संगीतकार सालोमोने रोस्सी यांनी 1622-23 मध्ये व्हेनिसला हिब्रू स्तोत्रांच्या बहुस्वरी (एकाच वेळी अनेक सुरावटींच्या) रचना छापल्या. बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू, मंडळींनीही 19व्या शतकात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचली. नवी चाल हीसुद्धा परंपराच आहे.

गझलप्रेमी: त्यापेक्षा ‘अदोन ओलाम’ हे हिब्रू प्रार्थनागीत घ्या. त्याचा प्रत्येक चरण ‘लगागागा लगागागा’ (ल लघु, गा गुरू) असा चालतो, म्हणजे आपल्या गझलवृत्तांतल्या वियद्‌गंगेचा अर्धा भाग, आणि म्हणूनच ते असंख्य चालींत सहज बसते. तेहिलीमच्या ओळी लहानमोठ्या असल्याने तिथे एकच चाल प्रत्येक ओळीला पुरत नाही.

जुनी_पेटी: मीही ‘अदोन ओलाम’च सुचवतो. पेटीवर ते फार खुलते.

लोदवासी: हिब्रूत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, बहुधा शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर येतो. स्तोत्राच्या पहिल्या ओळीतले ‘एस्सा एनाय एल हेहारीम’ म्हणताना सम ‘रीम’वर यावी, त्याच ओळीतल्या ‘मेआयिन’मध्ये मात्र आघात ‘आ’वर आहे. माझ्या पहिल्या चालीत सगळे आघात चुकले होते आणि इथल्या वडीलधाऱ्यांना शब्दच ओळखू येईनात. तुम्ही दादऱ्यात बांधा, लवकर बसेल.

रेवदंडेकर: सर्वांचे आभार. घरातले कोणीही प्रवासाला निघाले की आई दारात उभी राहून हेच स्तोत्र म्हणत असे, म्हणून ‘अदोन ओलाम’ घेणार नाही. तालही नको, कारण ती तालात म्हणत नव्हती. हझ्झान, म्हणजे प्रार्थना म्हणवणारे, ओळीचा पहिला भाग नव्या चालीत म्हणतील आणि दुसरा भाग सर्वजण त्याच सुरांत पुरा करतील. आघातांचा सल्ला मात्र अक्षरशः पाळणार असून, पाच हजारांतून मोठ्या देवनागरी अक्षरांतल्या प्रती छापून घेईन आणि आघाताचे प्रत्येक अक्षर त्यांत ठळक करीन.