मदत हवी आहे: एचटीएमएलमध्ये दर एकाखाली एक येत नाहीत

नमस्कार मंडळी,
वेळणेश्वरला घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, जोडीला कोकम आगळ, फणसपोळी, आंबापोळी विकतो. त्याचं साधं पान करायला नोटपॅडवर एचटीएमएल (वेबपान लिहायची खुणांची भाषा) शिकतेय. (टॅगची, म्हणजे त्या खुणांची, नावं इथे देवनागरीत लिहितेय, समजून घ्या.)

दर मी एंटर मारून एकाखाली एक लिहिलेत. ब्राउझरमध्ये मात्र "कोकम आगळ १ लिटर फणसपोळी पाव किलो" असं सगळं सलग! "खोल्या" हा मथळा एचटूमध्ये घातला, तर खालचं अख्खं पान जाडजूड झालं. टायटलमध्ये घराचं नाव दिलंय, ते पानावर दिसतच नाही. माझ्याकडे मराठी नीट दिसते, जाऊबाईंच्या कॉम्प्युटरवर नुसती चित्रविचित्र चिन्हं. आणि हेड-बॉडी (पानाविषयीची माहिती आणि दिसणारा मजकूर असे दोन भाग) लिहिलं नाही तरी पान उघडतंय, मग ते हवंच कशाला?

गलबत:
ताई, एंटर काय नि दहा स्पेस काय, एचटीएमएलच्या लेखी सगळं मिळून एकच स्पेस. दरांची यादी करा: बाहेर यूएल, आत प्रत्येक वस्तूला एलआय. बीआरनेही ओळ तुटते, पण तो पत्त्याला ठेवा.

एचटूच्या बंद करणाऱ्या टॅगमध्ये नावाआधी तिरकी रेघ आहे का बघा, नसेल तर मथळा संपतच नाही. गंमत म्हणजे पी (परिच्छेद) आणि एलआय बंद केले नाहीत तरी नियमात बसतं. मथळ्यांना ती सवलत नाही. कोणाला आहे, कोणाला नाही हे पाठ करत बसण्यापेक्षा सरसकट बंद करा. बीआर, आयएमजी (चित्र), मेटा (पानाविषयीची माहिती) यांच्या पोटात काही ठेवायचं नसतं, म्हणून त्यांना बंद टॅगच नाही.

पोफळीखाली:
हेड-बॉडी तुम्ही नाही लिहिलं तर ब्राउझर मनाने घालतो, म्हणून चालतंय. तरी लिहा, उद्या पान वाढलं की तुम्हालाच सोपं जाईल. पहिली ओळ डॉकटाइपची (हे एचटीएमएलचं पान आहे असं सांगणारी) मात्र हवीच. ती नसली की ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये जातो, म्हणजे जुन्या काळच्या पानांच्या रीतीने मांडणी करतो. टायटल ब्राउझरच्या टॅबवर दिसतं. पानावर नाव हवं तर एचवन.

चिन्हांचं कारण: एन्कोडिंग (अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवलीत ते) सांगितलं नाही की ब्राउझर अंदाज बांधतो. तुमच्याकडे बरोबर निघाला, तिकडे चुकला. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइटचं, आणि अंदाज चुकला की दर बाइट वेगळं चिन्ह समजला जातो, म्हणून नुसत्या "क"च्या जागी तीन तीन चिन्हं उमटतात. हेडमध्ये सर्वांत आधी मेटा चारसेट यूटीएफ-८ घाला (पहिल्या १०२४ बाइटच्या आत लागतं) आणि फाईलही यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा.

धागाकर्ती:
दर आणि मथळा जागेवर आले, आभार! जाऊबाईंकडे संध्याकाळी बघते. आता एकच: खोलीचा फोटो माझ्याकडे दिसतो, पण पान सर्व्हरवर चढवलं की गायब.

गलबत:
फाईलच्या नावात कॅपिटल अक्षर आहे का? विंडोज तिकडे काणाडोळा करतं, बरेचसे सर्व्हर करत नाहीत. आयएमजीमधलं नाव आणि फाईलचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा.