मुलांचं वजन: आधी घर बदला, मग मुलाला बोला

अर्धा कप:
लेकीचं वजन वयाच्या मानानं जास्त निघालं, तसा मी तिचा खाऊ बंद केला. चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "आई, रात्री फ्रीज उघडून उभी असतेस तेव्हा काय खातेस गं?" मी समजत होते ती झोपलेली असते. वजन माझंही जास्त, नवऱ्याचंही. पोरीला एकटीला डाएटवर बसवण्यात अर्थ नाही असं माझं मत झालंय. आधी घरातले डबे, जेवताना चालू असलेला टीव्ही, झोपायच्या वेळा बघाव्यात.

तिरकी रेघ:
साफ असहमत. पुन्हा खापर आईबापांच्याच डोक्यावर! डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० जणांचा अभ्यास १९८६ साली आला. त्यांचा बांधा जन्मदात्यांशी जुळला, वाढवणाऱ्यांशी नाही. माझ्याकडेही घर एक, स्वयंपाक एक. थोरला काटकुळा, धाकटी गोल. आता कुणाला जाब विचारू?

गणितवाला:
रेघ, ते ५४० जण मोजले तेव्हा मोठे झालेले होते. जुळ्यांच्या अभ्यासांत लहानपणी घराचा परिणाम दिसतो, वय वाढतं तसा ओसरतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा बघा: ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलं १९९० मध्ये २ टक्के, २०२२ मध्ये ८. बत्तीस वर्षांत जनुकं बदलत नाहीत हो.

तिरकी रेघ:
बदललं ते घर, की बाहेरचा बाजार?

गणितवाला:
दोन्ही. १९९७ चा एक अमेरिकन अभ्यास आहे: दहाच्या आतल्या मुलाचे आई किंवा वडील लठ्ठ असतील, तर मोठेपणी त्याच्या लठ्ठपणाचा धोका दुपटीहून जास्त. हा आकडा तुम्हीही वापराल आणि अर्धा कपही. जनुकं देणारे आणि ताट वाढणारे तेच दोघे, मग वेगळं काढणार कसं?

मागचा बाक:
आमच्याकडे ताट स्वच्छ केल्याशिवाय उठायचं नाही, पोट भरलं तरी. चाळिशी उलटली, अजून जेवण झालं हे मला पोटावरून नाही, ताटावरून कळतं. हे जनुकात कुठे बसवायचं?

तिरकी रेघ:
नाही बसवत. पण मग शीर्षकात "मुलाला बोला" कशाला? धाकटीला येताजाता "कमी खा" ऐकवणारे काय कमी आहेत?

अर्धा कप:
तेवढं चुकलं, मान्य. बाकीचं मागे घेत नाही. जनुकांचं मी काही करू शकत नाही, डब्याचं करू शकते. कालच तो सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. लेक बघत होती. म्हणाली, "तिथं तुझा हात पुरतो ना?"