अंगणात नुसता मुरूम, पाणी दोन दिवसाआड, स्वस्तात काय लावू?

दहिवडीकर:
नमस्कार मंडळी. घर नवीन बांधलं, पुढची न् बाजूची मिळून सहाशे स्क्वेअर फूट जागा उघडी पडलीय, सगळा मुरूम. वारं सुटलं की धुरळा थेट स्वयंपाकघरात येतो आणि आईला दमा आहे त्यामुळं जीव नुसता टांगणीला लागतो. ब्लॉक बसवायला पैसे नाहीत, शिवाय उन्हाळ्यात ते तापतात. लॉनला पाणी लै लागतं. कमी पाण्यात जमीन झाकेल असं काही आहे का?

मिरजेची ताई:
दादा, ऑफिस टाइम लावा, चिनी गुलाब म्हणतात तेच. विकत घेऊ नका, शेजारीपाजारी मागितलं तरी मिळतं. बोटभर काडी तोडायची, खालची पानं काढायची आणि ओल्या मातीत खोचायची, झालं. पानात-देठात पाणी साठवून ठेवतं त्यामुळं आठ-दहा दिवस पाणी नसलं तरी मरत नाही, मुरमात तर उलट बरं कारण पाणी साचलं की ते सडतं. अर्ध्या फुटावर एक काडी धरली तर शंभर फुटाला चारशे काड्या लागतात, तेवढंच आधी करा, मग त्याच्याच काड्या तोडून पुढं सरकायचं. ऊन मात्र कडक पाहिजे, सावलीत फुलं येत नाहीत. आणि पाय पडला की मोडतं.

जत तालुका:
ताई म्हणतात ते बरोबर, पण जायच्या-यायच्या वाटेवर हरळीच टिकंल. बांधावरच्या काशा उपटून आणा, लोक काढून टाकतातच. उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसते पण मुळं जिवंत असतात, पाऊस पडला की परत हिरवी, आणि वाळलेली असली तरी माती धरून ठेवते. कडेला विटा उभ्या पुरा नाहीतर सगळीकडं घुसते. आईंना दमा आहे म्हणून मुद्दाम सांगतो, तुरे यायच्या आत कापत जा, हरळीच्या परागांनी काही जणांना त्रास वाढतो.

कराडवाला:
आत्ता एप्रिलात काहीच लावू नका भाऊ, काड्या करपतील. तुमचा माण तालुका पर्जन्यछायेत, एक वळीव पडला म्हणून घाई नको, नीट ओल झाल्यावरच लावा. तोवर उसाचं पाचट अंथरा, आमच्याकडं शेतकरी ते पेटवून देतात, विचारलं तर खुशीनं देतील. पसरताना पाणी मारा म्हणजे धूळ उडत नाही, वर दगड ठेवा, आणि जवळपास कचरा पेटवू नका. नंतर पाचट बाजूला सारून कुदळीनं वीतभर मुरूम सैल करायचा, शेणखत मिसळायचं, मग लावायचं.
अजून एक, नर्सरीत पिवळ्या फुलांची वेडेलिया दाखवतील, लवकर पसरते म्हणून. घेऊ नका. प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटतं, माझी कुंपणाखालून शेजाऱ्याच्या शेतात गेली, दोन वर्षं उपटतोय. जगातल्या सगळ्यात त्रासदायक 100 घुसखोर जातींच्या यादीत आहे ती. घाणेरी पण त्याच यादीत, वर गुरांना विषारी.

दहिवडीकर:
हरळीच्या परागांचं माहीतच नव्हतं, बरं झालं सांगितलं. मग आईच्या खिडकीकडं ऑफिस टाइम आणि फाटकापासून हरळी असं करतो. मागं लिंबाखाली सावली आहे, तिथं?

मिरजेची ताई:
तिथं पर्पल हार्ट, जांभळ्या पानांचं. अर्ध्या सावलीत येतं, काडीनंच लागतं. मूळ धरेपर्यंत महिनाभर मात्र ओल तुटू देऊ नका, भांडी विसळलेलं पाणी चालतं, साबण कमी असला म्हणजे झालं. मिरजेला येणं झालं तर पिशवी घेऊन या, ऑफिस टाइमच्या काड्या देते, गुलाबी आणि पिवळा दोन्ही आहेत.