प्रिपोझिशन आलं की अनेकवचनी नामाची अपॉस्ट्रॉफी काढायची, हा नियम कुठून आला?

धरमपेठचा मास्तर

नागपुरातल्या एका शिकवणीच्या छापील नोट्स हातात आल्या. दहावी सेमीच्या मुलांसाठी आहेत. त्यात चौकटीत ठळक अक्षरांत लिहिलंय: ॲट, टू, फ्रॉम, ऑफ यांपैकी एखादं प्रिपोझिशन आलं, की पुढच्या अनेकवचनी नामाला अपॉस्ट्रॉफी (मालकी दाखवणारी ’ ही खूण) लावू नये, कारण मालकीचं काम प्रिपोझिशनच करतं. हा नियम साफ चुकीचा आहे. मुलं तो पाठ करताहेत, म्हणून धागा काढला.

‘वुई हॅड डिनर ॲट माय ग्रँडपेरेंट्स’’ हे वाक्य घ्या. शेवटच्या एसनंतर अपॉस्ट्रॉफी हवी. आपण जेवलो ते आजीआजोबांच्या घरी, आणि ‘हाउस’ हा शब्द बोलणाऱ्यानं गाळलाय. ती खूण त्या गाळलेल्या शब्दासाठी आहे. ‘विथ द जोशीज’ मध्ये मात्र काहीच गळलेलं नाही. जोशी मंडळींसोबत, एवढाच अर्थ. तिथे अपॉस्ट्रॉफी नको. ‘ॲट द जोशीज’’ म्हणजे जोशांकडे, तिथे हवी. दोन्हीकडे प्रिपोझिशन आहेच, मग नियम त्यावर कसा बेतणार?

‘ओव्हर ॲट’, ‘बॅक फ्रॉम’, ‘राउंड टू’ अशा जोड्या आल्या की मुलं आणखी गोंधळतात. ओव्हर, बॅक, राउंड फक्त दिशा दाखवतात, नामाच्या रूपाशी त्यांचा काही संबंध नाही. ‘लुक अप द बॉइज’ मार्क्स’ मधलं अप तर क्रियापदाचाच भाग आहे. मार्क्स मुलांचे, म्हणून खूण.

नामाच्या आधी काय आलं ते बघू नका. त्याच्या पुढे काय आहे किंवा काय गळलं ते बघा. शिकवणीवाल्यांनी ती चौकट काढून टाकावी असं माझं स्पष्ट मत आहे.

बर्डीवाला

सर, चौकट चुकीची असेल, पण तुम्ही त्याच्या जागी जे ठेवून राहिले ते मुलांच्या कोणत्या कामाचं? एका मुलाचं, अनेक मुलांचं आणि नुसती मुलं, इंग्रजीत तिन्हीचा उच्चार एकच. जे कानाला कळत नाही, ते पोरांनी कशाच्या आधारानं लिहायचं?

आणि खुद्द इंग्रजांचं बघा. बर्मिंगहॅमच्या महापालिकेनं २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर अपॉस्ट्रॉफी नको असं ठरवलं. वॉटरस्टोन्स हे पुस्तकांचं मोठं दुकान, त्यांनी २०१२ मध्ये नावातून काढली. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल्स कोर्ट स्टेशनच्या नावात ती आहे, पिकाडिली लाइनवर लगेच पुढे येणाऱ्या बॅरन्स कोर्टच्या नावात नाही. अमेरिकेचं भौगोलिक नावांचं मंडळ १८९० पासून ती टाळत आलंय. लोकांचं काही अडलं नाही. आमच्याकडची मुलं अख्खं वाक्य उभं करायला धडपडून राहिली आणि आपण एका टिचभर खुणेसाठी मार्क कापून राहिलो. हे मला पटत नाही.

सिव्हिल लाइन्स, कोर्टाच्या बाजूनं

पाटी वेगळी आणि मजकूर वेगळा. पाटीवर नाव असतं, ते कसं लिहायचं हे मालक ठरवतो. दस्तात अर्थ असतो.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम १०६ उघडा. शेतीसाठी किंवा कारखान्यासाठी दिलेल्या जागेचा भाडेपट्टा संपवायचा तर ‘बाय सिक्स मंथ्स’ नोटीस’. इतर जागेसाठी ‘बाय फिफ्टीन डेज’ नोटीस’. वेगळा करार नसेल तेव्हाची ही तरतूद. आधी ‘बाय’ हे प्रिपोझिशन, नंतर अनेकवचनी नाम आणि एसपुढे अपॉस्ट्रॉफी. शिकवणीची चौकट खरी मानली तर कायद्याचा छापील मजकूर चुकीचा म्हणावा लागेल. माझ्याकडे ज्युनिअर मंडळी ‘ऑन थ्री मंथ्स नोटीस’ असा मसुदा आणतात. दुरुस्त करून घेतल्याशिवाय मी सही करत नाही.

बर्डीवाला

वकीलसाहेब, अपॉस्ट्रॉफी राहिली म्हणून नोटीस बाद झालेली पाहिली का कधी?

सिव्हिल लाइन्स, कोर्टाच्या बाजूनं

नाही पाहिली. मुदत पूर्ण दिली की नाही, हे बघितलं जातं. पण चालून जातं म्हणून चुकीचं शिकवावं, हे मला मान्य नाही.

बर्डीवाला

मग ‘फिफ्टीन-डे नोटीस’ लिहायला शिकवा. ते शुद्ध आहे, सोपं आहे आणि अपॉस्ट्रॉफीचा प्रश्नच येत नाही.

लक्ष्मीनगरची भाषांतरकार

नोटिशीत पळवाट आहे, दादा, सगळीकडे नाही. खरी अडचण ‘ऑफ’ नंतर येते. ‘अ फोटो ऑफ माय पेरेंट्स’ असं साधं लिहिलं तर फोटोत आईबाबा आहेत. शेवटी अपॉस्ट्रॉफी दिली तर फोटो त्यांच्या मालकीचा, त्यात कोणी का असेना. एकच व्यक्ती असती तर कानालाही फरक कळला असता, कारण ‘माय फादर’ आणि ‘माय फादर्स’ वेगळे ऐकू येतात. अनेकवचनात उच्चार सारखाच होतो, मग अर्थ सांगायला ती खूणच उरते. तुम्ही म्हणता ऐकू येत नाही म्हणून सोडा. मी म्हणते, ऐकू येत नाही म्हणूनच लिहा.

मास्तरांशीही माझं थोडं वेगळं मत आहे. ‘अ फ्रेंड ऑफ माय पेरेंट्स’ हे खुणेसकट आणि खुणेविना, दोन्ही चालतं, अर्थ बदलत नाही. तिथे मार्क कापू नयेत.

मुलं विचारतात, ओळखायचं कसं? मी दोन युक्त्या सांगते. पहिली, नामाच्या जागी सर्वनाम घालून बघा. ‘देम’ बसलं तर खूण नाही, ‘देअर्स’ बसलं तर खूण. फोटो ऑफ देम, फोटो ऑफ देअर्स, फरक लगेच कळतो. दुसरी युक्ती मुदतीच्या शब्दांनाही चालते: अनेकवचनाचं एकवचन करून मोठ्यानं म्हणा. ‘वन मंथ्स नोटीस’ म्हणताना मंथला एस लागलेला ऐकू येतो ना? मग ‘थ्री मंथ्स’’ लाही खूण हवी. ‘विथ माय अंकल’ मध्ये एस येत नाही, म्हणून ‘विथ माय अंकल्स’ कोरंच. कानाचा आधार मागत होतात ना, तो असा मिळतो.

कामठी रोडवरची शिक्षिका

ताईंची दुसरी युक्ती मी वर्गात वापरून बघणार आहे. पण आमच्या मुलांची एक अडचण इथे कुणी मांडली नाही. मराठीत आपण वडिलांना, आजोबांना, सरांना आदरानं अनेकवचन लावतो. ‘आजोबांच्या घरी’ डोक्यात असतं, मग मूल इंग्रजीतही ‘ॲट माय ग्रँडफादर्स’’ लिहितं, खूण एसनंतर. आजोबा एकच असतात, पण आदरामुळे इंग्रजीत त्यांचे अनेक होतात! ही चूक वहीवहीत सापडते, आणि ती निष्काळजीपणाची नाही. मूल मराठीचा नियम इमानानं पाळतंय. म्हणून माझं म्हणणं, एकवचनातली मालकी आधी पक्की होऊ द्या. गाळलेलं घर, ऑफ नंतरचा फोटो, हे सगळं दहावीनंतर. मास्तर, तुमचा नियम बरोबर आहे, पण दहावी सेमीला तो लवकर होतो.

धरमपेठचा मास्तर

आदरार्थी बहुवचनाचा मुद्दा लाखमोलाचा आहे, बाई. पण त्यासाठीच तर हे दहावीआधी सांगायला हवं. मोजून एक आहे की अनेक, हे विचारायची सवय लागली तर दोन्ही चुका जातात. अवघड वाटत असेल तर शिकवू नका एक वेळ, खोटा नियम मात्र देऊ नका.

बर्डीवाला

मराठीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. १९६२ च्या लेखन नियमांनी उच्चारात नसलेले, व्युत्पत्तीचे अनुस्वार काढून टाकले. केलें, घरीं, पांच लिहिणारी पिढी होती, त्यांनाही तेव्हा वाईट वाटलं असेल. मराठी बुडाली का? लिहिणाऱ्यांचं ओझं कमी झालं. अपॉस्ट्रॉफीचंही तसंच होऊ द्या.

धरमपेठचा मास्तर

तेच नियम पुढे वाचा. अनेकवचनी सामान्यरूपाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलं की अनुस्वार द्यावाच, असं त्यात आहे, आदरार्थी अनेकवचनालासुद्धा. मुलाचे आणि मुलांचे यांतला फरक त्या टिंबावर आहे, म्हणून ते राखलं. वसतिगृहाच्या पाटीवर ‘मुलीचे वसतिगृह’ दिसलं तर तुम्हीच फोन करून सांगाल की टिंब राहिलंय. ज्या खुणेला काम नव्हतं ती गेली, जिला काम होतं ती राहिली. अनेकवचनी अपॉस्ट्रॉफी दुसऱ्या जातीची आहे.

बर्डीवाला

फोन करीन, खरंय. पण आपल्या बोलीत ‘पोराचं’ आणि ‘पोराइचं’ हे कानालाच वेगळं लागते. गावातल्या आजीलाही हा फरक शाळेत न जाता येते. म्हणून ते टिंब आपल्या पोरांना जड जात नाही. इंग्रजीची ही खूण कोणाच्याच तोंडात नाही, ती फक्त शाळेत जाणाऱ्यालाच कळते, आणि चांगली शाळा सगळ्यांच्या नशिबात नसते. चौकट काढायला लावा, मी सोबत येतो. मार्क कापायच्या मात्र मी विरोधातच राहणार.

नवीन सून, मानेवाडा

सगळं वाचलं. मला आत्ता नणंदेला मेसेज टाकायचाय की आम्ही दोघं माझ्या सासरून परत येतोय. ‘बॅक फ्रॉम माय इन-लॉज’, खूण हवी का?

लक्ष्मीनगरची भाषांतरकार

सासरची माणसं अनेक आणि घर गाळलंय, म्हणून एसनंतर हवी. फक्त सासूबाईंकडून येत असाल तर ‘मदर-इन-लॉ’ लिहून एसच्या आधी.