मदत हवी आहे: आबांच्या फंडाची नोटीस निघालीय, मुदत संपायला ११ दिवस उरलेत

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर काम करतो. फंडातलं मला फारसं कळत नाही म्हणून इथं विचारतोय, जरा लांब होईल पण शेवटपर्यंत वाचा.

आमचे आबा शिरोलीच्या एका फौंड्रीतनं रिटायर झाले. पीएफ, ग्रॅच्युइटीचे मिळून ९ लाख २०१९ ला गल्लीतल्याच एका एजंटनं म्युच्युअल फंडात घालायला लावले, कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रीड म्हणून स्कीम आहे, म्हणजे बरेचसे पैसे कर्जरोख्यांत आणि थोडे शेअर्समध्ये. "एफडीसारखंच आहे काका, वर जरा जास्त मिळतंय" असं सांगितलं होतं. २०२४ ला अजून २ लाख टाकले. त्यातनं महिन्याला ७ हजार एसडब्ल्यूपीनं (फंडातनं ठरलेली रक्कम दरमहा काढायची सोय) बँकेत येतात आणि आईची औषधं, लाईट बिल सगळं त्यावरच चालतंय.

परवा आबांच्या मोबाईलचं रिचार्ज करताना फंडाचा एक मेसेज दिसला, इंग्रजीत, खाली लिंक. असले मेसेज फसवणुकीचे असतात म्हणून आबा सगळे डिलीट करतात आणि ते चुकतात असंही नाही, हल्ली लिंकला हात लावायची भीतीच वाटते. मी फंडाची वेबसाईट स्वतः टाईप करून उघडली तर तिथं नोटीस होती. स्कीमचे 'फंडामेंटल ॲट्रिब्यूट्स', म्हणजे मूळ स्वरूपच, बदलणार आहेत. दोन दिवस रात्री डिक्शनरी घेऊन बसलो तेव्हा कुठं समजलं की शेअर्समध्ये आत्तापर्यंत १० ते २५ टक्के पैसे जायचे ते आता ४० ते ६० टक्के जाणार. जोखीम दाखवणाऱ्या रिस्कोमीटरचा काटा 'मॉडरेटली हाय' वरनं 'व्हेरी हाय' वर जाणार. ज्यांना हे नको त्यांना ३० दिवसांत एक्झिट लोड (पैसे काढताना कापतात तो आकार) न लावता बाहेर पडता येईल आणि काहीच कळवलं नाही तर बदल मान्य आहे असं धरलं जाईल. म्हणजे आबांनी गप्प बसून होकार दिल्यासारखंच झालं असतं की ओ!

३० मधले १९ दिवस गेलेत. मग हे पत्र घरी का आलं नाही म्हणून फोलिओ (फंडातलं आबांचं खातं) बघितला तर त्यात ईमेल आबांचा नाहीच, एजंटचा आहे! मोबाईल तेवढा आबांचा. म्हणजे गेली इतकी वर्षं स्टेटमेंट, वार्षिक अहवाल, नोटिसा, सगळं त्याच्या मेलवर गेलं. त्याला विचारलं तर म्हणाला, काका तुम्हाला त्रास नको म्हणून मीच बघतो. आबाही त्याच्याच बाजूनं बोलले, "त्यो घरातला पोरगा हाय, कागद वाचून आपल्याला काय कळतंय?" मला लई वाईट वाटलं. फौंड्रीत ४० वर्षं ड्रॉइंग वाचून काम केलेला माणूस आहे, मापात सुताएवढा फरक पडला तर माल परत पाठवायचे. कळत नाही असं कसं?

सहा महिन्यांचं एक स्टेटमेंट एजंटकडनं मागून घेतलं. पीडीएफ पॅन नंबर टाकल्यावर उघडली. त्यात त्याला मिळालेलं कमिशन रुपयांत लिहिलंय. कमिशन घेणं काय चूक नाही, त्याचा धंदा आहे, पण "आपल्याला यात काय पडत नाही" असं तो आबांना का सांगत होता? आणि नॉमिनीच्या जागी आईचं नाव पाहिजे होतं ती जागा रिकामी आहे.

आता सांगा, सगळे पैसे काढावेत का थोडे? टॅक्स किती बसेल? एसडब्ल्यूपी बंद पडला तर आईच्या औषधाचं काय करायचं? आणि ईमेल बदलायला त्या एजंटची सही लागते का?

प्रतिसाद १ (सांगलीहून):
एजंटची सही अजिबात लागत नाही, फोलिओ आबांचा आहे. फंडांचं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या कंपन्या असतात, तुमचा फंड त्यातल्या कॅम्सकडं आहे का केफिनटेककडं ते स्टेटमेंटवर बघा, आबांना घेऊन त्यांच्या ऑफिसात जा, ईमेल बदलायचा आणि नॉमिनीचा फॉर्म तिथंच भरून द्या. पैसे काढायचे असतील तर फॉर्म दुपारी ३ च्या आत द्या म्हणजे त्याच दिवसाची एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा, म्हणजे हिश्श्याचा भाव) मिळेल, पैसे कामकाजाच्या ३ दिवसांत आबांच्या रजिस्टर खात्यातच येतात.

टॅक्सचं दोन भागात धरा. २०१९ ची युनिट्स जुनी आहेत, नफ्यावर साडेबारा टक्के. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेली जी युनिट्स असतील त्यांचा नफा आबांच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे. लोड माफ आहे म्हणजे टॅक्स माफ असं समजू नका, तिथं बरेच जण फसतात. सगळा आकडा एकदा सीएला दाखवा.

आणि फंडाची फॅक्टशीट (पैसे कुठं गुंतवलेत त्याचा माहितीचा कागद) काढून आत्ता पैसे कशात आहेत ते बघा, निम्मे पैसे शेअरमध्ये गेले आणि बाजार पडला तरी ७ हजार काढतच राहणार, मग मुद्दल किती वेगानं संपेल हे आबांच्या समोर कागदावर मांडा.

धागाकर्ता:
दादा, लई उपकार झाले. आज सुट्टी टाकून आबांना घेऊन गेलो. ईमेल माझा नाही, त्यांचाच नवीन काढून दिलाय, नॉमिनी आईला केलं. काल रात्री तुम्ही म्हणाला तसं वहीवर आकडे मांडले. आबांनी चष्मा लावून नोटीसचा तक्ता स्वतः दोनदा वाचला आणि म्हणाले, "४० ते ६०? हे मला कुणी इचारलंच न्हाई." सगळेच काढायचं ठरलंय, सीएची वेळ सोमवारची आहे. दोन महिन्यांचे १४ हजार बाजूला काढून ठेवलेत, तोवर आईचं औषध अडणार नाही. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीमला दर तीन महिन्यांनी व्याज येतं असं ऐकलंय, मधल्या महिन्यांचं कसं बसवायचं ते कुणी करत असेल तर सांगा.